कुटुंबाची सहल: वसईच्या किल्ल्यापासून मेणवलीच्या घंटेपर्यंत

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलणारानें पूर्वजांच्या त्यागाविषयीं किंवा पुढील कार्याविषयीं चार गोष्टी सांगाव्यात अशी आपल्याकडे रीत आहे. त्या विषयांवर अधिकारानें बोलणारीं माणसें या मेळाव्यांत आहेत, आणि त्यांचे विचार आपण ऐकलेच आहेत. मजसारख्या सेवानिवृत्त शाळामास्तराकडे कार्यकारी मंडळानें विषय सोंपविला तो मात्र ‘कुटुंबाची सहल’ हा. विषय ऐकून प्रथम मला हसूं आलें. सहलीला जावें कसें हें का कोणास शिकवावें लागतें? परंतु विचार करतां करतां असें ध्यानांत आलें कीं, गेल्या कांहीं वर्षांतला सर्वांत अवघड प्रश्न मला एका सहलींतच विचारला गेला, आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं मला आणखी तीन सहली कराव्या लागल्या. तीच हकीकत आज आपणांपुढें मांडतों.

आमच्या लहानपणीं ‘सहल’ हा शब्द घरांत फारसा नव्हता. पण सहल होती. सप्टेंबरांत वांद्र्याच्या मोत माउलीची यात्रा ही आमची मोठी सफर. तिच्या अगोदर आठ दिवस आई कोणतें लुगडें नेसणार याची चर्चा चाले. पावसाळा सरल्यावर कार्तिकांत निर्मळची जत्रा भरे. ती शंकराचार्यांच्या मंदिराची जत्रा. पण सुकेळीं, खाजें आणि मातीचीं खेळणीं घेण्यास तेथें जाणाऱ्यांत आमच्या आळीचीं मुलें कांहीं थोडीं नसत. आणि वर्षांतून एकदां वडील आम्हां भावंडांस किल्ल्यांत नेत. सकाळीं भाकरी, सुकटीची चटणी आणि केळीं फडक्यांत बांधून निघावें, चिंचेच्या सावलींत बसून खावें, आणि दिवे लागायच्या आंत घरीं परतावें. वडील चालतां चालतां दगडांकडे बोट करून कांहीं सांगत. आम्हीं मुलें तें ऐकत नसूं. आमचें लक्ष चिंचांवर असे. आज वाटतें, त्या वेळीं एक कान जरी तिकडे दिला असता, तरी पुढें माझी जी फजिती झाली ती झाली नसती.

आतां दिवस पालटले. घरोघरीं गाडी आली, सुट्या वाढल्या, हातीं पैसा आला, यांत वाईट कांहींच नाहीं. वर्षभर मुंबईच्या आगगाडींत उभें राहून प्रवास करणाऱ्या माझ्या मुलानें चार दिवस बायकामुलांबरोबर बाहेर काढावे हें योग्यच आहे. तीन वर्षांपूर्वीं आम्हीं सर्वजण असेच एका दूरच्या थंड हवेच्या ठिकाणीं गेलों होतों. पांच दिवसांत सात ‘स्थळें’ पाहिलीं. प्रत्येक ठिकाणीं गाडी थांबे, सर्वजण उतरून छायाचित्र काढीत, आणि ‘चला, उशीर होतो’ म्हणून पुन्हा गाडींत बसत. परत आल्यावर शाळेंत निबंध लिहावयाचा म्हणून माझी नात मजकडे आली आणि विचारूं लागली, “आजोबा, आपण काय काय पाहिलें?” जी मुलगी पांच दिवस आमच्याबरोबर होती, ती मला हें विचारीत होती! मीही आठवूं लागलों, तो मला एका उपाहारगृहाचें बिल तेवढें स्पष्ट आठवलें. दोष त्या गांवाचा नव्हे; आमच्या पाहण्याचा होता. त्या दिवशीं मीं मनाशीं ठरविलें कीं, पुढची सहल दूरची नको. जेथून सकाळीं निघून सायंकाळीं घरीं येतां येईल अशा एकाच जागेची हवी. आणि ती जागा म्हणजे आपला वसईचा किल्ला.

त्याप्रमाणें एका फेब्रुवारींत, रविवारची पहिली मिस्सा आटोपून, आम्हीं सहाजण निघालों: मी, माझी पत्नी, मुलगा, सूनबाई, नऊ वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. या खेपेस फजिती नको म्हणून मीं आठ दिवस अगोदर पुस्तकें चाळून तयारी केली होती.

जमिनीकडील दरवाजांतून आंत शिरतांना वाट एकदम वळते. कां वळते, हें मुलांस ओळखावयास सांगितलें. शत्रूनें हत्ती घेऊन धांवत येऊं नये म्हणून, हें उत्तर नातवानें दिलें, आणि तेव्हांपासून तो किल्ला त्याचा झाला. मग तटाच्या कडेनें चालतां चालतां मीं सांगूं लागलों. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ सालीं तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांनीं येथें दहा बुरुजांचें तटबंद शहर वसविलें, आणि १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें पांच वर्षें, तें त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचें मुख्य ठाणें होतें. येथें जेजुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांचे मठ व ख्रिस्तमंदिरें होतीं. आज छपरें नाहींत, भिंती आहेत. वेदीच्या जागीं गवत आहे. संत जोसेफच्या मुख्य मंदिराच्या प्रवेशद्वारावर कोरलेला शिलालेख अद्याप आहे. हें मंदिर १६०१ सालीं नव्यानें बांधविल्याची नोंद त्यांत आहे. नातीनें तो आंकडा स्वतः शोधून वाचला. जुन्या दगडावरील अक्षर आपल्याला वाचतां आलें याचा जो आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसला, तो पांच दिवसांच्या त्या महागड्या सफरींत मला एकदांही दिसला नव्हता.

फ्रान्सिस्कनांच्या मंदिरांत जमिनीवर थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. मुलें त्यांवरून उड्या मारूं लागलीं तेव्हां सूनबाईनें त्यांस जवळ घेऊन हळूच सांगितलें कीं, खालीं माणसें निजलीं आहेत. तेथून जेजुइटांच्या मंदिराच्या दर्शनी भिंतीपाशीं आलों. येथल्याच शाळेंत संत गोन्सालो गार्सिया लहानपणीं शिकले. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई येथलीच. वसईचा हा मुलगा जपानांत गेला, तेथें व्यापार केला, पुढें फ्रान्सिस्कन बंधु झाला, आणि १५९७ च्या फेब्रुवारींत नागासाकी येथें आपल्या सोबत्यांसह क्रुसावर मरण पावला. १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. आपण त्यांची तसबीर घरांत लावतों. पण ते कोणत्या दगडांमधून धांवत शाळेंत गेले तें मुलांस दाखवावयास आपल्याला किती वेळां सुचतें?

याप्रमाणें माझी स्वारी मोठ्या दिमाखांत चालली होती. शेवटीं आम्हीं सेबास्तियन बुरुजापाशीं आलों, आणि मीं लढाईची हकीकत सांगूं लागलों. थोरले बाजीराव पेशवे यांचे बंधु चिमाजी आप्पा यांनीं १७३९ च्या आरंभीं या किल्ल्यास वेढा दिला. दलदल, खाडी आणि तोफा यांमुळें किल्ला हातीं येईना. मराठ्यांनीं तटाखालीं सुरुंग खणले. कांहीं त्यांच्यावरच उलटले. अखेर मे महिन्यांत या बुरुजाखालचा सुरुंग उडाला, बुरूज ढासळला, आणि हजारों माणसें गमावल्यावर मराठ्यांस जय मिळाला. पोर्तुगीजांनीं तह करून किल्ला सोडला. नातू टाळ्या वाजवूं लागला. नात मात्र कांहीं वेळ गप्प होती. मग तिनें मजकडे पाहून विचारलें:

“आजोबा, या लढाईंत आपण जिंकलों कीं हरलों?”

बंधुभगिनींनो, चौतीस वर्षें मीं वर्गांत इतिहास शिकविला. वसईचा वेढा किती वेळां शिकविला त्याची गणती नाहीं. ‘मराठ्यांनीं वसई जिंकली’ हें वाक्य फळ्यावर लिहितांना माझी छाती फुगलेली असे, कारण माझी भाषा मराठी, माझा मुलूख महाराष्ट्र. आणि त्याच दिवशीं सायंकाळीं, ज्या धर्माचीं मंदिरें त्या लढाईनंतर ओस पडलीं, त्या धर्माची प्रार्थना मी घरीं म्हणत असें. या दोन गोष्टी माझ्या मनांत शेजारीं शेजारीं राहत होत्या, पण एकमेकींशीं कधीं बोलल्या नव्हत्या. त्या मुलीनें एका प्रश्नानें त्यांना समोरासमोर उभें केलें.

मीं म्हटलें, “आतां उन्ह झालें, चला जेवूं या.” मास्तरानें उत्तर चुकविलें, हें तिच्या ध्यानांत आलें. माझ्याही आलें.

घरीं आल्यावर मला झोंप लागेना. हा प्रश्न केवळ माझ्या नातीचा नाहीं. आपलें प्रत्येक मूल केव्हां ना केव्हां हा प्रश्न विचारणार: शाळेंत, महाविद्यालयांत, किंवा एखाद्यानें ‘तुम्ही कोठले?’ असें डिवचून विचारल्यावर. घरानें त्याचें उत्तर दिलें नाहीं, तर रस्ता देईल. आणि रस्त्याचीं उत्तरें बहुधा द्वेषाचीं असतात. म्हणून मीं ठरविलें कीं, ज्या मार्गानें प्रश्न आला त्याच मार्गानें उत्तर शोधावें, म्हणजे आणखी सहली कराव्या.

पहिल्यानें आम्हीं वज्रेश्वरीस गेलों. तीही एका दिवसाची वाट. वसईच्या मोहिमेंत यश आल्यास देवीचें मंदिर बांधीन असा नवस चिमाजी आप्पांनीं केला होता, आणि जयानंतर तें मंदिर उभें राहिलें. उंचावर, दगडी पायऱ्यांचें, बाहेरून किल्ल्यासारखें दिसणारें तें मंदिर पाहून नात म्हणाली, “म्हणजे त्यांना पण भीति वाटत होती?” होय, वाटत होती. नवस निर्भय माणूस करीत नाहीं. पुस्तकांत जिंकणारा पुतळ्यासारखा उभा असतो. तेथें तो हात जोडलेला दिसला. नंतर अकलोलीच्या उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांत, मुलांनीं पाय बुडविले. पाणी कोण तापवितें, असें नातवानें विचारल्यावर माझ्या मुलानें त्यास समजाविलें कीं, पावसाचें पाणी भेगांतून खोल जातें, पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें तापतें आणि दुसऱ्या भेगांतून वर येतें. अशीं कुंडें कोंकणच्या पट्ट्यांत थेट रत्नागिरीपर्यंत आहेत. एरवीं सायंकाळीं मोबाइलमध्यें डोकें घालणारा माझा मुलगा त्या दिवशीं काठीनें वाळूंत आकृति काढून शिकवीत होता. सहलीचें हें फळ मला अनपेक्षित होतें.

दुसरी सहल तर अर्ध्या दिवसाचीच: नालासोपाऱ्याचा स्तूप. आपण ज्या स्थानकावरून रोज जातों, तें गांव म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. येथें सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सांपडले आहेत. म्हणजे ख्रिस्ताच्या जन्माच्या सुमारें अडीचशें वर्षें अगोदर येथल्या लोकांसाठीं धर्मनीतीचीं वचनें दगडावर कोरलीं गेलीं होतीं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली, तेव्हां तो बौद्ध स्तूप निघाला, आणि त्यांत पवित्र अवशेषांचा करंडक व बुद्धमूर्ति मिळाल्या. त्या हिरव्या उंचवट्यावर बसून मीं मुलांना म्हटलें, “किल्ला बांधला त्याच्या अठराशें वर्षांपूर्वीं येथें माणसें नांगर धरीत होतीं, मासे मारीत होतीं, परदेशच्या गलबतांची वाट पाहत होतीं. तीं कोण?” नात म्हणाली, “आपणच?” मीं म्हटलें, “आपणच, किंवा आपल्या शेजाऱ्यांचे पूर्वज. त्या वेळीं ते निरनिराळे कोठें होते?” आपल्या कुपारी, वाडवळ, कोळी घरांतून जी बोली अद्याप बोलली जाते, ती कांहीं लिस्बनहून आली नाहीं. आपली कथा १५३४ सालीं सुरू होत नाहीं, आणि १७३९ सालीं संपतही नाहीं. एवढें त्या दिवशीं हातीं लागलें.

तिसरी सहल मे महिन्याच्या सुटींत, तीन दिवसांची. वसई पडल्यावर येथल्या ख्रिस्तमंदिरांतील घंटा मराठे सरदारांनीं विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देशावरील देवळांत बांधल्या. नाशिकास गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळांत अशी घंटा आहे, भीमाशंकरास आहे, आणि वाईजवळ कृष्णेच्या घांटावर, नाना फडणविसांच्या मेणवलीस आहे. माझे वडील चिंचेखालीं बसून ‘आपल्या घंटा गेल्या’ असें कांहीं सांगत, तें हेंच. आम्हीं मेणवलीस गेलों.

वाडा पाहून आम्हीं पायऱ्या उतरून घांटावर आलों. नदीला पाणी थोडें होतें. मेणवलेश्वराच्या मंदिराजवळ एका लहानशा दगडी घरांत ती घंटा टांगलेली आहे. नात जवळ गेली, मान वर करून पाहूं लागली, आणि एकदम ओरडली, “आजोबा, हिच्यावर मारिया माउली आहे! बाळ येशू पण आहे!” खरेंच होतें. पंचधातूंत उठविलेली ती आकृति कित्येक पिढ्या तेथें आहे. कोणीं ती घांसून काढली नाहीं, कोणीं तिच्यावर कांहीं लिंपलें नाहीं. नातीनें लोळीला हात लावतांच, घांटावर धुणें धूत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईनें हांक मारली, “जपून गं बाळा! लई जुनी हाय आमची घंटा.”

नात माझ्याजवळ आली आणि कानांत म्हणाली, “त्या ‘आमची’ म्हणाल्या.”

मीं म्हटलें, “तुला राग आला?”

तिनें थोडा विचार केला. “नाहीं. त्या सांभाळतात ना.”

मग त्या घांटाच्या पायरीवर बसून मीं तिला तिच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. तें जसें दिलें तसें आपणांस सांगतों.

मीं म्हटलें: बाळ, त्या लढाईंत एक राज्य हरलें आणि एक जिंकलें. दोघांनींही कांहीं चांगलें केलें, कांहीं वाईट केलें. पोर्तुगीजांच्या अमलांत हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं, हें आपण लपवूं नये. मराठ्यांच्या विजयानंतर आपलीं मंदिरें ओस पडलीं, हेंही विसरूं नये. पण आपण कोण? किल्ला सोडून पोर्तुगीज सरदार गलबतांत बसले, तेव्हां आपले पूर्वज त्या गलबतांत बसले नाहींत. युरोपीय धर्मगुरु गेले. एतद्देशीय धर्मगुरूंनीं मागें राहिलेल्यांची सेवा केली. आपले पणजोबा केळीच्या बागांस पाणी देत राहिले, मराठी बोलत राहिले, आणि सायंकाळीं गुडघे टेंकून प्रार्थना करीत राहिले. पुढें १७८० सालीं इंग्रजांनीं वसई घेतली, तहानंतर परत दिली. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें त्याच वसईंत इंग्रजांशीं तह करून आपलें स्वातंत्र्य गमावलें. आणि १९४७ सालीं इंग्रजही गेले. राज्यें आलीं आणि गेलीं. आपण राहिलों. जे राहतात त्यांना दोन्ही बाजूंच्या मृतांसाठीं दुःख करण्याचा अधिकार असतो, आणि दोन्ही बाजूंनीं मागें ठेवलेल्या चांगल्या वस्तूंवर हक्कही असतो. छत्रपतींचा मुलूख आपला, मराठी आपली, ही माउलीही आपली. घंटा त्या आजीबाईंचीही आहे. एका वस्तूला दोघांनीं ‘आमची’ म्हटलें म्हणजे भांडण झालेंच पाहिजे असें नाहीं.

नात ऐकत होती. तिला सर्व कळलें असेल असें मी म्हणत नाहीं; मला स्वतःला तें पासष्टाव्या वर्षीं कळलें. पण या खेपेस मीं उत्तर चुकविलें नाहीं, याचें समाधान मला आहे.

आतां या हकीकतीवरून, एक जुना मास्तर या नात्यानें, चार सूचना करतों. आपण कुटुंबासह जाल तेव्हां त्या उपयोगीं पडतील.

पहिली गोष्ट: एका दिवसास एकच जागा. किल्ला पाहावयाचा तर किल्लाच. त्याच दिवशीं समुद्रकिनारा, उद्यान आणि दुकान नको. वसईच्या किल्ल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. सकाळीं लवकर जावें, पिण्याचें पाणी बरोबर न्यावें, कारण आंत सावली आहे पण अंतर मोठें आहे. पावसाळ्यांत तो हिरवागार दिसतो खरा, पण तेव्हां शेवाळानें दगड निसरडे होतात, आणि गवतांत साप असतात. मोडक्या जिन्यांवर व मनोऱ्यांवर मुलांस चढूं देऊं नये.

दुसरी गोष्ट: घरांतील म्हाताऱ्या माणसांस बरोबर न्यावें. त्यांच्यामुळें चाल मंद होते अशी तक्रार असते. पण मंद चालणारालाच दगड दिसतात. माझ्या पत्नीला इतिहास ठाऊक नाहीं. परंतु किल्ल्यांतील प्रत्येक झाडाचें आणि पाल्याचें नांव व गुण तिनें मुलांस सांगितले, आणि तें मला एकाही पुस्तकांत मिळालें नव्हतें. हीं माणसें आज आहेत. पुढच्या महोत्सवास तीं असतीलच असें नाहीं.

तिसरी गोष्ट: मुलांस माहिती थोडी द्यावी आणि प्रश्न विचारूं द्यावे. ज्या प्रश्नाचें उत्तर येत नाहीं, तो वहींत लिहून ठेवावा. तीच पुढच्या सहलीची तयारी. आपल्यापैकीं पुष्कळजण शवदर्शनाच्या वेळीं जुन्या गोव्यास गेले असतील. बॉम जेझू मंदिराच्या तांबड्या चिऱ्याच्या दर्शनी भिंतींत जो काळा कोरीव दगड आहे, तो वसईचा आहे. इतके दूर जाऊन आपण आपल्याच गांवच्या दगडापुढें उभे राहतों, आणि कोणी विचारीत नाहीं म्हणून आपल्याला तें कळत नाहीं.

चौथी गोष्ट मी हात जोडून सांगतों. आपला किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचें संरक्षित स्मारक आहे. त्याची नासधूस करणारास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यांत आहे. तरीही भिंतींवर कोळशानें आणि खिळ्यानें कोरलेलीं नांवें, वेदीच्या जागीं प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्रावळी, हें सर्व मीं तेथें पाहिलें. हीं नांवें परदेशी माणसांचीं नाहींत. आपल्याच मुलांचीं आहेत. मेणवलीच्या त्या आजीनें परक्यांची घंटा ‘आमची’ म्हणून राखली. आपण आपल्या आजोबांच्या थडग्यांवर बाटली टाकावी काय? सहलीला निघतांना एक रिकामी पिशवी बरोबर घ्यावी. आपला आणि जमल्यास दुसऱ्याचाही कचरा तींत भरून परत आणावा. आमच्या घरीं हें काम नातवाकडे आहे, आणि तो तें मोठ्या अधिकारानें करतो.

कोणी म्हणेल, एवढा विचार करून सहलीला जायचें, तर मौज ती कोठें राहिली? मौज कमी झाली नाहीं असें मी साक्षीपूर्वक सांगतों. मुलांनीं चिंचा पाडल्या, उन्हाळ्यांत पाय भाजून घेतले, कृष्णेंत कपडे भिजविले, आणि परततांना गाडींत गाणीं म्हटलीं. फरक एवढाच पडला कीं, घरीं आल्यावर ‘आपण काय पाहिलें?’ असें कोणीं विचारलें नाहीं.

महोत्सवाच्या निमित्तानें आपण मागें किती वर्षें गेलीं तें मोजतों. तें मोजावेंच. पण आपल्या मुलांस त्या वर्षांचा पत्ता आपल्या तोंडून आणि त्यांच्याच पायांनीं कळावा, एवढी माझी विनंती आहे. त्यासाठीं मोठा खर्च लागत नाहीं. फडक्यांत बांधलेली भाकरी, घरांतील एक म्हातारें माणूस आणि एक मोकळा रविवार पुरतो.

माझ्या नातीच्या वहींत आतां नवा प्रश्न लिहिलेला आहे: ‘नाशिकच्या घंटेवर काय आहे?’ उत्तर मला पुस्तकांतून काढतां येईल; पण मीं तें काढलेलें नाहीं. दिवाळीच्या सुटींत आम्हीं नारोशंकरास जाणार आहोंत, आणि त्यानंतर भीमाशंकरास. तेथल्या रानांत शेकरू दिसतें, तें नातवास पाहावयाचें आहे. आपणांपैकीं ज्या कुटुंबांस सोबत यावयाचें असेल, त्यांनीं सभा संपल्यावर मला भेटावें.